बायांची डॉक्टरीण आसगावला कधी येणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पवनीहून आसगावकडे जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. खिडकीशी त्यांची सून. सातवा महिना उलटून गेलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या आणि त्यांत रोवणी करणाऱ्या बायांच्या कमरेत वाकलेल्या रांगा. मावशींच्या मांडीवर दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती. ती सांभाळत त्या म्हणाल्या, "एक कागद पवनीचा, एक भंडाऱ्याचा. आता नागपूरले जा म्हन्तेत. अन् कळा रातीच आल्या त मंग?"

मी काय बोलणार! थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "माही लहान पोरगी बारावीत हाय जी. लय हुशार हाय. तिले बायांची डॉक्टरीन करतो म्हन्तो आमी. गावातच राहीन, मंग कोनाले नागपूरले जा लागनार नाही. किती साल लागतीन, भाऊ?"

मी बोटांवर मोजू लागलो. दोन्ही हातांची बोटे संपली, हिशेब संपला नाही.

तो हिशेब आज वाचकांसमोर मांडायचा आहे. कारण आपल्या घरात मुलगी चांगले गुण मिळवते तेव्हा आपणही अशीच स्वप्ने पाहतो, आणि आपल्या गावात बाळंतपणात काही विपरीत घडले की "डॉक्टर का नाही?" असा सवालही आपणच करतो. या दोन गोष्टींच्या मध्ये किती मोठा पल्ला आहे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

साडेदहा वर्षांचा वनवास

बारावीनंतर 'नीट' ही प्रवेश परीक्षा. ती पार पडली तर एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. सरकारी महाविद्यालयात शिक्षण झाले असेल तर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे आपल्या बोलीतला 'बॉण्ड'. मग पुन्हा एक 'नीट', पदव्युत्तर प्रवेशासाठी. तिच्यातून स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची जागा मिळाली तर एमडी किंवा एमएसची तीन वर्षे आणि त्यानंतर पुन्हा एक वर्षाचा बॉण्ड. झाली साडेदहा वर्षे. प्रवेश परीक्षांच्या तयारीत एखाद-दुसरे वर्ष जाते, ते वेगळेच. म्हणजे आज अठरा वर्षांची असलेली पोरगी तिशीला टेकेल, तेव्हा कुठे तिच्या पाटीवर 'स्त्रीरोगतज्ज्ञ' हा शब्द लिहिला जाईल.

या साडेदहा वर्षांत तिच्या वर्गातल्या इतर मुली नोकरीला लागतात, त्यांची लग्ने होतात, मुले शाळेत जाऊ लागतात. हिचे लग्न झालेच तर पहिले बाळंतपण बहुधा निवासी डॉक्टर असतानाच येते. दुसऱ्यांची बाळंतपणे करत सातव्या-आठव्या महिन्यात रात्रभर उभी राहणारी डॉक्टर सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिगृहांत नवलाची नाही. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच ठरवून दिले. पण ज्या वॉर्डात एका खाटेवरची बाई उठायच्या आत दुसरी येते, तिथे घड्याळाकडे पाहणार कोण?

बोटांना डोळे फुटतात तेव्हा

पण वर्षे मोजली म्हणजे सगळे सांगून झाले, असे नाही. हे शिक्षण पुस्तकाचे थोडे आणि हातांचे फार आहे.

पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कुठे, पाठ कुठे, ते खाली किती उतरले आहे, हे ओळखायला शिकते. दोन बोटांनी गर्भाशयाचे तोंड किती सेंटीमीटर उघडले ते तिला सांगता यायला हवे. चार की सहा? दहाला पूर्ण. मोजपट्टी नाही, दिसतही नाही. शेकडो वेळा तपासून, शेकडो वेळा चुकून आणि वरिष्ठांकडून दुरुस्त होऊन बोटांना हळूहळू डोळे फुटतात. कळा कशा येतात, बाळाच्या हृदयाचे ठोके कळेनंतर सावरतात की घसरतात, बाईचा चेहरा कधी बदलतो, हे सारे त्या उभ्या राहिलेल्या रात्री शिकवतात.

आणि सर्वांत मोठा धडा मूल जन्मल्यानंतरचा. घरात पेढ्यांची चर्चा सुरू होते, तेव्हा डॉक्टरचे लक्ष वारेकडे असते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरच्या वर रक्त खेळत असते. वार सुटल्यावर गर्भाशयाने घट्ट आवळले नाही, तर हे रक्त अंगावरून वाहू लागते. धडधाकट बाईच्या अंगात एकूण रक्त साडेचार-पाच लिटर. आधीच रक्त कमी असलेल्या, रोवणीच्या चिखलात आठवा महिना काढलेल्या बाईजवळ सोसायला तेवढीही शिल्लक नसते. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक घरांत पिढीजात आहे. अशा बाईचे बाळंतपण तर अधिकच जोखमीचे.

हे रक्त थांबवण्याच्या युक्त्या आहेत. इंजेक्शने आहेत. एक हात आतून आणि एक पोटावरून देऊन गर्भाशय दाबून धरण्याची रीत आहे. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी याच शतकाच्या आरंभी साधा निरोध आणि रबरी नळी यांचा फुगा गर्भाशयात फुगवून रक्तस्राव थांबवण्याचा उपाय काढला. खर्च नगण्य. आज तो अनेक देशांत वापरला जातो. मोठ्या यंत्राने नव्हे, अडचणीत सापडलेल्या एका डॉक्टरच्या डोक्याने आणि हाताने बायकांचे जीव वाचवले. आपल्याकडचेच उदाहरण द्यायचे तर डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याची त्यांची पद्धत १९५५ साली प्रसिद्ध झाली, आणि जगभरचे डॉक्टर आजही तिला 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखतात.

हे हातांचे कसब मात्र आता आटत चालले आहे. पायाळू मुलाचेच पाहा. पूर्वी कसबी डॉक्टर पायाळू मूल खालून सुखरूप काढत. सन २००० मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला की, पायाळू बाळासाठी आधीच ठरवून केलेले सिझेरियन अधिक सुरक्षित. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांनी ते उचलले, आणि त्यात चूक काही नाही. पण परिणाम असा की, नव्या पिढीला खालून पायाळू बाळंतपण करण्याची संधीच फारशी मिळेना. तीच गत चिमट्याची. नागपुरात हे चालून जाते, तिथे शस्त्रक्रियागृह शेजारीच असते. पण रात्री दोन वाजता बाळाचे पाय बाहेर आलेल्या अवस्थेत बाई तालुक्याच्या दवाखान्यात पोचते, तेव्हा काय करायचे? ज्या हातांना ते कधी शिकवलेच नाही, ते हात चिठ्ठी लिहितात. "पुढे न्या."

आनंदीबाईंपासून गडचिरोलीपर्यंत

या प्रश्नाचा वारसा मराठी घराला जुना आहे. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या सातासमुद्रापार फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र! कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे यायची होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. आपण त्यांची पुण्यतिथी करतो, त्यांच्यावर नाटके-चित्रपट काढतो. पण शिक्षण पुरे झाले आणि ते गरजेच्या ठिकाणी पोचले नाही, ही त्यांची शोकांतिका दैवाने घडवली होती. आज तीच शोकांतिका आपण व्यवस्थेने घडवतो आहोत, हे ध्यानात घेतो का?

पोचलेले शिक्षण काय करू शकते, याचा दाखला आसगावच्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. नागपुरात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकलेल्या डॉ. राणी बंग १९८६ पासून पती डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत काम करू लागल्या. तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम आठ! तोपर्यंत ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारदरबारी धरले जात होते. अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे, मूल न होणे, हे सारे ती मुकाट्याने सोसत होती. गावात राहणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने ऐकायला कान दिला, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

पण मावशींच्या मुलीला बंग दांपत्याचे उदाहरण देऊन मोकळे होणे हा अन्याय ठरेल. असामान्य माणसे असामान्य कामे करतात. व्यवस्था मात्र सामान्य माणसांच्या भरवशावर चालली पाहिजे.

एकटी ती काय करणार?

समजा, आसगावची ती मुलगी सगळे दिव्य पार करून परत आली. गावाने हारतुरे दिले. पुढे?

सिझेरियन एका डॉक्टरचे काम नव्हे. भूल द्यायला भूलतज्ज्ञ लागतो. रक्त लागते, आणि ते हाताशी लागते. जन्मलेले बाळ रडले नाही तर त्याच्याकडे पाहणारा बालरोगतज्ज्ञ लागतो. अनुभवी परिचारिका लागतात, न जाणारी वीज लागते. यातले एक जरी नसेल, तरी दहा वर्षे शिकलेली डॉक्टर बाईला हात लावायला कचरते. आणि कचरली तर तिचे चुकते असे मी म्हणणार नाही. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात एक बाळंतीण अतिरक्तस्रावाने दगावली. डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्याच दिवशी आत्महत्या केली. ही बातमी देशातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात वाचली गेली. त्यानंतर किती हातांनी "पुढे न्या"ची चिठ्ठी आधीपेक्षा लवकर लिहिली असेल, याची गणती कोणी ठेवत नाही.

भंडाऱ्याला तर याहून जवळची जखम आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली. त्यांच्या आया वाचल्या होत्या, बाळंतपणे पार पडली होती. प्रसूतिशास्त्राने आपले काम केले होते. पण इमारत, यंत्रे आणि देखरेख हासुद्धा आरोग्यसेवेचाच भाग आहे. केवळ डॉक्टर असून भागत नाही, हा धडा या जिल्ह्याने दहा पाळण्यांची किंमत मोजून शिकला आहे.

आकडे पाहिले तर आपले राज्य मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली शंभरातली ९४-९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. आपल्या आज्यांना "मुले किती?" असे विचारले, तर त्या "झाली किती, जगली किती" असा दुहेरी हिशेब सांगत. तो काळ मागे पडला, ही थोडीथोडकी कमाई नव्हे. सुईणीपासून आशाताईपर्यंत कितीतरी बायांचे श्रम त्यात आहेत.

पण याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणे सिझेरियनने होतात आणि सरकारी दवाखान्यांत १४. एकाच देशात काही बायांचे पोट गरज नसताना फाडले जाते, आणि काहींना गरज असताना ती सोय वेळेत मिळत नाही. डॉक्टर किती आहेत, एवढाच हा प्रश्न नाही. त्या कुठे आहेत, कोणाबरोबर आहेत आणि काय शिकून आल्या आहेत, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षा नको, शिक्षण हवे

आज गावातल्या नेमणुकीकडे तरुण डॉक्टर शिक्षा म्हणून पाहतात. बॉण्डचे वर्ष म्हणजे कसेबसे काढायचे किंवा दंड भरून सोडवून घ्यायचे वर्ष. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण जिथे शिकवायला वरिष्ठ नाही, मदतीला भूलतज्ज्ञ नाही, रात्री राहायला धड खोली नाही आणि जमाव आला तर दाराला कडी नाही, तिथे आपली स्वतःची लेक आपण पाठवू का? पाठ थोपटून नव्हे, छातीवर हात ठेवून उत्तर द्यावे.

माझे म्हणणे एवढेच की, तालुक्याचे रुग्णालय हे शिक्षणाचे ठिकाण झाले पाहिजे. त्याचे दरवाजे काही प्रमाणात उघडलेही आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे २०२१ च्या तुकडीपासून सक्तीचे झाले आहे. मोठ्या महाविद्यालयांतल्या दोन वर्षांच्या पदविका एकेक करून पदवीत बदलल्या गेल्या खऱ्या, पण राष्ट्रीय परीक्षा मंडळाने स्त्रीरोगशास्त्रासह काही विषयांत तशा पदविका रुग्णालयांतून पुन्हा सुरू केल्या आहेत. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीचे सिझेरियन आणि भूल शिकवण्याची सरकारी योजनाही जुनी आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत भंडाऱ्याचेही आहे.

या सगळ्यांची मोट बांधायची आहे. भंडाऱ्याच्या नव्या महाविद्यालयाने आपला प्रसूती विभाग शहराच्या वेशीपाशी न थांबवता पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसरपर्यंत न्यावा. विद्यार्थिनीच्या तीन महिन्यांतला निदान एक महिना तालुक्याला जावा, पण एकटीचा नव्हे. बरोबर पायाळू बाळंतपण आणि चिमटा हाताने केलेले अनुभवी प्राध्यापक असावेत, भूलतज्ज्ञ असावा, रक्तसाठवणुकीची सोय असावी. निवृत्त झालेल्या कसबी डॉक्टरांना मानाने बोलवावे. त्यांच्या हातातले ज्ञान त्यांच्याबरोबरच जाऊ देणे हा करंटेपणा आहे. साधे, धोक्याचे नसलेले बाळंतपण निभावणाऱ्या परिचारिकांना त्या कामाचे रीतसर शिक्षण आणि अधिकार द्यावेत. मग डॉक्टरचे हात खरोखर अडलेल्या बाईसाठी मोकळे राहतील.

खर्च येईल, हे खरे. पण आज तो खर्च कोण करते आहे? रात्री भाड्याची गाडी करून नागपूर गाठणारा बाप करतो, त्यासाठी बांधी गहाण टाकणारा सासरा करतो. सरकारच्या वहीत तो दिसत नाही, एवढेच.

आणि आपणही काही शिकायला हवे. गावात आलेल्या डॉक्टरला चुकीचा जाब जरूर विचारावा, पण तक्रारीच्या मार्गाने, दगडाने नव्हे. सुनेची नावनोंदणी तिसऱ्या महिन्याच्या आत व्हावी. सिकलसेलची तपासणी लपवू नये. रोवणीच्या घाईत आठव्या महिन्याची बाई बांधीत उतरणार नाही, एवढी माया घराने दाखवावी. कितीही निष्णात डॉक्टर असली, तरी या गोष्टी ती घरात येऊन करू शकत नाही.

आसगावचा थांबा आला तशा मावशी उठल्या. सुनेचा हात धरून सावकाश उतरल्या. खाली उभ्या राहून त्यांनी पुन्हा विचारले, "मंग किती साल, भाऊ?"

"अकरा-बारा धरा, मावशी," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तवरिक या नातीचंच लगन येईन जी!" आणि हसल्या. सून हसली नाही. ती पोटावर हात ठेवून रस्त्याच्या पलीकडे पाहत होती.

त्या पोटातले मूल, मुलगा असो वा मुलगी, आता जन्माला आले असेल. सुखरूपच आले असेल, असे मी धरून चालतो. पोरीने शिकावेच, पण तिच्या शिक्षणाची बारा वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेली सवड नव्हे. ती परत येईल तेव्हा पवनीच्या रुग्णालयात दिवा लागलेला असावा, रक्त असावे आणि मदतीला चार हात असावेत. ते काम तिचे नाही. ते आपले आहे, आणि त्याला कुठल्याही प्रवेश परीक्षेची वाट पाहावी लागत नाही.